चार ओळींची शिफारस

पुस्तकाची शिफारस म्हणजे परीक्षण नव्हे. परीक्षण पुस्तक वाचलेल्यांशीही बोलते आणि गुणदोषांची सविस्तर चर्चा करते. शिफारस असते ती न वाचलेल्यासाठी. पुस्तक कशाबद्दल आहे, कोणाला रुचेल आणि कसे वाचावे, एवढे तिने चार-पाच ओळींत सांगायचे असते. ‘अप्रतिम’, ‘संग्राह्य’ अशी विशेषणे कोणत्याही पुस्तकाला चिकटतात, म्हणून ती निरुपयोगी ठरतात.

साहित्यप्रकार बदलला की शिफारशीचा भरही बदलतो. कादंबरीत कथानक राखावे लागते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’बद्दल (१९५५) सांगताना, एक तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, इथेच थांबावे. कादंबरी छोटी आहे आणि तिची भाषा माणदेशी मातीतली आहे, हे मात्र जरूर सांगावे.

जुन्या आठवणींच्या पुस्तकाला थोडी पार्श्वभूमी लागते. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आतून पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, पण त्यात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी पुढे संपादित केली. इथे पुस्तकाबरोबर आवृत्तीचीही शिफारस करावी लागते.

ललित लेखनात वाचण्याची रीत महत्त्वाची. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) चैत्रापासून एकेका महिन्याचे निसर्गचित्र आहे. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचला, तर लेखातली झाडे दारातही ओळखता येतात. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ (२००३) अनेक देशांतल्या, काळांतल्या स्त्रियांच्या दुःखाच्या कविता मांडते. ती सलग न वाचता एका बैठकीत एकच कविता वाचावी. विज्ञानकथा कधी न वाचलेल्या शाळकरी मुलाच्या हाती जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह द्यावा. त्यातले विज्ञान गोष्टीच्या ओघात कळते.

पुस्तक कोणाला रुचणार नाही, हेही शिफारशीत प्रामाणिकपणे यावे. वेगवान घटना हव्या असलेल्याला ‘ऋतुचक्र’ संथ वाटेल, हे आधीच सांगितले तर पुढच्या शिफारशीवर त्याचा विश्वास बसतो. वाचन संपल्यावर, ठसा ताजा असतानाच, एखाद्या ओळखीच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून या चार ओळी लिहाव्यात. सर्वांसाठी लिहिलेली शिफारस सहसा कोणाच्याच उपयोगी पडत नाही.