दमसास

गोड गळा उपजत मिळतो, दमसास मात्र कमवावा लागतो, असं आमच्या मिरजेत जुनी माणसं सांगत. त्यात मिरजेला गाण्याचं वेड. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्रभर गाणं चाले. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच. तबकडीवरची त्यांची ‘जमुना के तीर’ अवघी काही मिनिटांची, पण ऐकताना कुठेही घाई जाणवत नाही. एवढा सावकाश सूर लावणाऱ्याचा श्वास संपतो तरी कधी, याचं मला लहानपणी फार कोडं होतं.

माझ्या गाण्याच्या बाई भल्या पहाटे खर्ज लावून घेत. मी छाती फुगवून सुरुवात केली की म्हणत, “अगं, भरलास किती ते नको सांगू. सोडतेस कसा ते बघू.” मग माझ्या तोंडासमोर स्वतःचा तळवा धरत. ‘आ’कारात तळव्याला वारा लागला की, “हा वाया गेला!” वारा लागेनासा झाला की सूर भरीव येई. मात्र गळा आवळून वारा अडवला, तर त्यांना तेही लगेच ऐकू येई.

त्यातलं मर्म मला सतारमेकर गल्लीत उमगलं. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचं सूत हलके हलके सरकवत असे. केसभर फरकाने ठक्क बोलणारी तार गुंजू लागायची, जवारी लागायची. गळ्यातही तसंच आहे. काळी चारचा सा लावताना स्वरतंतू सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा मिटतात नि उघडतात. ते नीट मिटले नाहीत तर आवाज फुसका, फार आवळले तर चिरका. खालून येणारा श्वास एकसारखा असला, तरच त्यांचं जमतं.

नोकरी-संसारात रियाज मागे पडला, तेव्हा योगवर्गात प्राणायाम शिकले. पूरकाच्या दुप्पट रेचक, म्हणजे श्वास घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायला, हा हिशोब तिथे कळला. भ्रामरीत तर रेचकालाच नाद असतो. बाईंचा तळवा आठवला. कुंभकाचा मात्र गाताना थेट उपयोग नाही. श्वास कोंडून ठेवला तर सूर निघणार कुठून?

मिरजेतच जन्मलेल्या बी. आर. देवधर मास्तरांनी आवाजाच्या शास्त्राचा ध्यास घेतला होता. त्यांच्या शिष्याला, कुमार गंधर्वांना, क्षयाने गाठलं. काही वर्षं गाणं बंद पडलं आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. पुन्हा गायला बसले ते आखूड, धारदार स्वरवाक्यं घेऊन. दमसास म्हणजे लांबण, ही माझी समजूत त्यांच्या गाण्याने मोडली. आहे तेवढ्या श्वासात काय सांगायचं आणि तो कुठे सोडायचा, हे ठरलेलं असणं म्हणजेही दमसास.

आता शिकायला येणारी पोरं मोबाइलवर सेकंद लावून सा धरतात आणि आकडा दाखवतात. मी कौतुक करते. मग एखाद्या बंदिशीत श्वास कुठे घ्यायचा, ते आधी खूण करून आणायला सांगते. बहुतेक जण शब्द तोडूनच खूण करतात. तिथून आमची शिकवणी सुरू होते.