रेघेबाहेर

पन्नाशी उलटल्यावर माणसाला नवे व्यसन जडावे हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे, असे आमच्या घरातील मंडळींचे ठाम मत आहे. आणि गेले दोन महिने ते सकाळच्या चहाबरोबर आम्हाला नित्य ऐकावे लागते. निमित्त एका भिंगाचे. पुढल्या महिन्यात वेरूळला जायचे आहे, कॅमेऱ्यासाठी रुंद कोनाचे भिंग घ्यायचे आहे, आणि कोणते घ्यावे हे काही केल्या ठरत नाही.

आमचा कॅमेरा लायका एम-6 जातीचा. ही जात 1984 साली बाजारात आली. आमच्याकडचा नग दुसऱ्याच्या हातून आलेला आहे. या रेंजफाइंडर यंत्राची गंमत अशी की, यात भिंगातून पाहावयाचे नसते. पाहण्याची खिडकी निराळी, भिंग निराळे. खिडकीच्या मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात; भिंगाची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसविल्या की अंतर जुळले. चित्रात काय येणार हे दाखविण्यास पांढऱ्या रेघांची एक चौकट तेवढी असते. त्या चौकटीबाहेरचे जगही खिडकीत दिसत राहते. फक्त ते चित्रात उतरत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आजवर आमचा संसार 50 मिलिमीटरच्या एकाच भिंगावर चालला. आंरी कार्तिए-ब्रेसाँसारख्या थोर छायाचित्रकाराने आपले बहुतेक काम याच मापावर केले. तेव्हा आमच्यासारख्या हौशी माणसाने तक्रार करण्याचे कारण नव्हते. पण प्रवासात ते तोकडे पडते हे खरे. दहा मीटरांवरून पाहिले असता या भिंगात सुमारे 7 मीटर रुंदीचे दृश्य मावते. 35 चे घेतले तर 10 मीटर, 28 चे घेतले तर जवळजवळ 13, आणि 21 चे घेतले तर 17 मीटर. 21 चा विचार आम्ही लवकरच सोडला. त्याची चौकट आमच्या खिडकीत नाही, डोक्यावर दुसरी खिडकी बसवावी लागते, आणि एका माणसाला दोन खिडक्या सांभाळणे कठीण. उरली 35 आणि 28.

एका स्नेह्याने ही दोन्ही भिंगे आठवडाभर वापरावयास दिली. कामोठ्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून प्रथम समोरच्या इमारती टिपून पाहिल्या. कॅमेरा जरा वर उचलला की 28 मध्ये त्या सरळ उभ्या इमारती मागे झुकून एकमेकींच्या कानाला लागत. मग संध्याकाळी मानसरोवर स्थानकाच्या बाजूस भाजीवाल्यांत गेलो. रुंद भिंग सर्वांना आत घेते खरे, पण घेताना प्रत्येकाला लहान करते; माणूस माणसाएवढा दिसावा तर त्याच्या दीड मीटरवर जाऊन उभे राहावे लागते. तसे उभे राहिलो, तेव्हा एक भाजीवाली म्हणाली, “सर, फोटोच काढणार, का मेथी पण घेणार?” आम्ही दोन जुड्या घेतल्या. 28 च्या भिंगाचा हा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात दिलेला नसतो.

घरी चिरंजीवांनी निकाल दिला, “बाबा, मोबाईलमध्ये याहून जास्त मावतं.” ते खोटे नव्हते, बहुतेक मोबाईलचे मुख्य भिंग 24 ते 26 च्या तोडीचे असते. सौभाग्यवतींचे म्हणणे अधिक व्यवहाराचे होते: “अहो, तेवढ्या पैशांत सगळ्यांचं वेरूळ दोनदा होईल.” आम्ही दोघांनाही उत्तर दिले नाही. या खटाटोपाचे खरे कारण आम्ही घरात कोणाला सांगितले नव्हते.

मागे एकदा आम्ही सहकुटुंब वेरूळला गेलो होतो, तेव्हा वडील बरोबर होते. कैलास लेण्याच्या अंगणात दगडी हत्तीपुढे मंडळी उभी केली. जागा अडचणीची, मागे इतर यात्रेकरू. पाच मीटरांवरून कॅमेरा डोळ्यास लावला. वडील सर्वांच्या पिशव्या सांभाळीत बाजूला उभे होते. आम्हाला ते स्पष्ट दिसत होते, पण रेघेबाहेर. वाटले, पुढच्या चित्रात घेऊ. पुढच्या चित्रात दुसरेच काही घेतले. त्यानंतर वर्षभरात ते गेले. त्या छायाचित्राच्या उजव्या कडेला आज एका पिशवीचा बंद तेवढा दिसतो.

म्हणून आम्हाला रुंद भिंग हवे होते. पण आठवडाभर दोन्ही भिंगे वापरल्यावर एक निराळीच गोष्ट लक्षात आली. आम्हाला चष्मा आहे. 28 ची चौकट खिडकीच्या अगदी काठाशी जाते, आणि चष्म्यातून ती पुरी दिसतही नाही. तिच्याबाहेर कोण उभे आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. 35 च्या चौकटीभोवती मात्र थोडे अंगण शिल्लक राहते. मग एका रात्री कागदावर हिशेब केला. त्या दिवशी पाच मीटरांवरून 50 च्या भिंगात साडेतीन मीटरांची मंडळी मावली; 35 चे असते तर पाच मीटरांची मावली असती. पण तेवढीच मंडळी 50 च्या भिंगातही मावली असती, जर आम्ही दोन मीटर मागे सरलो असतो तर. मागच्या यात्रेकरूंना विनंती करून तीन पावले, एवढाच तो प्रश्न होता. दोष भिंगाचा नव्हता.

हिशेब झाल्यावर आम्ही 35 चे भिंग मागविले. या खेपेस आई बरोबर येणार आहे, आणि बाजूला उभे राहण्याची सवय तिलाही आहे. ती खिडकीत रेघेबाहेर दिसली, तर कॅमेरा खाली घेऊन तिला हाक मारावयाची, असे आम्ही ठरविले आहे. हा बेत अखेर सौभाग्यवतींना सांगितला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “हाक मारायला भिंग कशाला लागतं?”

याचे उत्तर आम्हाला अजून सुचलेले नाही.