सह्याद्रीत घर घेऊन जाताना – भाग दुसरा : आधी निचरा, मग मुक्काम

शुक्रवार, रामवाडी (पेण)

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपायची, रांधायची आणि संडासाची सोय कशी केली, ते मागच्या भागात आलंच आहे. पुष्कळ वाचकांनी विचारलं, की एवढा खटाटोप कशाला? वाटेत हॉटेलं आहेतच की! कारण आमची आई. तिचे गुडघे वाकत नाहीत. शिवाय प्रवासाला निघायच्या आदल्या रात्रीपासून ती पाणी पिणं कमी करते, वाटेत जावं लागू नये म्हणून. आपल्याकडच्या किती बाया आयुष्यभर अशाच तहानलेल्या प्रवास करत आल्या! गाडीत संडास बसवला तो तिने पोटभर पाणी प्यावं म्हणून.

पण संडास गाडीत आला की मैलाही गाडीतच राहतो. त्यामुळे आज संध्याकाळी रामवाडीच्या घरी नकाशा पसरला, तेव्हा पहिलं पेन मुक्कामाच्या जागी टेकवलं नाही. मैल्याची पेटी कुठे रिकामी होणार, त्या जागांवर आधी खुणा केल्या.

हिशेब सोपा आहे. कमोडखाली सरकवून काढता येणारी पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. आमची वीस लिटरची आहे. माणसाचं दिवसाचं मूत्र साधारण दीड लिटर भरतं, मैला त्या मानाने फारच थोडा, आणि दर वेळी ओतायचं पाणी वेगळं. आई, दादा आणि मी असे आम्ही तिघं, म्हणजे पेटी दोन दिवसांच्या आतच भरणार. म्हणून जोडीला तशीच दुसरी पेटी घेतली. शिवाय दिवसा पेट्रोल पंपावरचं नाहीतर एसटी स्थानकातलं स्वच्छतागृह वापरायचं आणि गाडीतला संडास रात्रीपुरता आणि आईपुरता ठेवायचा, असं ठरवलं. एवढ्यानेच पेटीचा मुक्काम जवळजवळ दुप्पट लांबतो.

पेटीत टाकायला निळं रसायन मिळतं. त्यातल्या काही प्रकारांत फॉर्माल्डिहाइड असतं. वास जातो, पण ज्या सेप्टिक टाकीत पेटी रिकामी होईल तिथले मैला कुजवणारे जिवाणूही मरतात. आपण कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जायचं आणि त्याची टाकी नासवून यायचं, हे काही बरोबर नाही. आम्ही एन्झाइमचं द्रावण घेतलं.

शनिवार, रामवाडी ते महाबळेश्वर

पहाटे निघालो. वडखळ सोडल्यावर नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका आणि महाडला सावित्री लागते. आई प्रत्येक पुलावर हात जोडते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाला लागलो. मागे टाकीत साठलेलं पाणी वळणावळणावर हेलकावे खात होतं, तेव्हा दादा म्हणाला, "मोरीची टाकी भरलेली घेऊन घाट चढू नये. वजन उगाच एका अंगाला जातं." चढणीच्या रस्त्यावर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पिण्याचं पाणी भरून घ्यावं, सांडपाण्याची टाकी मात्र घाटाआधी रिकामी असावी.

वर पोहोचल्यावर एका हॉटेलच्या आवारात गाडी लावायला परवानगी मिळाली. सांडपाणी कुठे सोडू, असं विचारलं तर उत्तर आलं, "मागं ओढा आहे की!" आम्ही आभार मानले आणि टाकी तशीच बंद ठेवली.

महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला परिसर आहे. पण नियमाआधी खडक समजून घेतला, तर ओढ्यात का सोडू नये ते कुणालाही पटेल. इथला माथा जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस त्याच्यावर कोसळतो, तो भेगांमधून खाली उतरतो आणि जांभ्याखालच्या घट्ट थराला अडून डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतो. खालच्या वाड्यांचं पिण्याचं पाणी म्हणजे हेच झरे. मातीचा थर जाड असेल तर तिच्यातले जिवाणू घाण गाळतात, कुजवतात. जांभ्यावर मातीच वीतभर. तिथे खड्डा खणून पुरलेला मैला गाळला न जाता सरळ कुणाच्या तरी हंड्यात पोहोचू शकतो.

रविवार, क्षेत्र महाबळेश्वर ते तापोळा

पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. आईने तीर्थ घेतलं आणि विचारलं, "यातली आपली कोणती?" सावित्री आपली. ती पश्चिमेला उतरते, पोलादपूर-महाडवरून जाते आणि बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. कृष्णा इथूनच निघून आंध्रात बंगालच्या उपसागराला पोहोचते. "म्हणजे इथं टाकलेली घाण दोन्ही समुद्रांना जाणार," आई म्हणाली. या भागातल्या प्रत्येक पर्यटकाला एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरे.

दुपारी तापोळ्याला उतरलो. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. १०५ टीएमसीचं हे धरण. त्यातलं बरंचसं पाणी वीज करून पोफळीच्या बाजूला वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणकडे जातं. उरलेलं कृष्णेच्या खोऱ्यात. पलीकडे कांदाटी खोऱ्यातली गावं. तिथे जायला लाँच नाहीतर तराफा. मोठी शहरं लांब, गटारं नाहीत, कचऱ्याची गाडी रोज येत नाही. गाडी घेऊन येणाऱ्याची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

सोमवार, तापोळा

मुक्काम एका शेतकऱ्याच्या अंगणात. फोनवर आधीच विचारलं होतं, "तुमच्या संडासाला सेप्टिक टाकी आहे का? आमची पेटी त्यात रिकामी करू का?" प्रश्न विचारायला सुरुवातीला संकोच वाटला. पण घरच्या मावशी म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलंत. लोक विचारत नाहीत, रात्रीत काठावर ओतून जातात."

घरातला मुलगा पेटी उचलायला पुढे आला, तेव्हा दादाने त्याला थांबवलं. ही पेटी आमची, ती आम्हीच उचलायची. हातमोजे, गमबूट, साबण आणि पेटी विसळायला बादलीभर पाणी, एवढंच लागतं.

याबाबतीत मला ठाम मत मांडायचं आहे. दुसऱ्याचा मैला माणसाने वाहायचा, ही आपल्या समाजाने एका जातीवर लादलेली क्रूर प्रथा होती. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्यालाही करू द्या म्हणून आग्रह धरला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचं खत करण्याचे प्रयोग केले. देहूच्या डॉ. मापुसकरांनी तोच धागा धरून संडासाला जोडलेला बायोगॅस गावात रुजवला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हाताने मैला काढण्याच्या कामावर माणूस लावायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. असं असताना सुट्टीवर आलेल्यांनी पन्नासाची नोट पुढे करून गावातल्या पोराला पेटी ओतायला सांगणं म्हणजे तीच प्रथा नव्या गाडीतून परत आणणं. ज्याला आपली पेटी उचलायची लाज वाटते, त्याने असली गाडी घेऊ नये.

मोरीच्या पाण्याचंही मावशींनी सांगितलं. ताट आधी कागदाने पुसायचं, भांडी राखेने घासायची, साबण नावापुरता. असं पाणी त्यांच्या परसातल्या केळीच्या आळ्यात गेलं. ओला कचरा गुरांना आणि खताच्या खड्ड्यात. प्लास्टिक, बाटल्या आणि आईचे डायपर मात्र वेगवेगळ्या बंद डब्यांत आमच्याबरोबर परत.

मंगळवार, पाचगणी आणि वाई

पाचगणीने जुन्या कचरा डेपोच्या जागी 'स्वच्छ भारत पॉइंट' उभा केला आहे. कचरा नीट वेगळा केला तर त्या जागी बाग होऊ शकते, हे मुलांना दाखवायला आवर्जून न्यावं. आमचं वेगळं केलेलं प्लास्टिक इथे शहराच्या घंटागाडीत दिलं.

पसरणी घाट उतरून वाईला आलो. दुसरी पेटी इथे नातेवाइकांच्या घरी रिकामी केली. वाईची निवड मुद्दाम केली होती. सेप्टिक टाकीत गेलं म्हणजे प्रश्न मिटला, असं आपण समजतो. पण टाकी भरली की तिचा गाळ टँकरने उपसतात, आणि कित्येक गावांत तो टँकर शेतात नाहीतर ओढ्यातच मोकळा होतो. वाईत २०१८ पासून रोज सत्तर हजार लिटर क्षमतेचा मैला गाळ प्रक्रिया प्रकल्प आहे. नगरपालिकेने घरोघरच्या टाक्या तीन वर्षांतून एकदा, ठरलेल्या पाळीने उपसायची पद्धत घातली. टाकी तुंबेपर्यंत वाट बघायची नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हाच मार्ग धरला. लाख लोकवस्तीही नसलेल्या या गावांनी जे जमवलं, ते पर्यटनावर जगणाऱ्या प्रत्येक गावाला जमवता येईल.

बुधवार, कास

साताऱ्याहून कासच्या पठारावर गेलो. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली कासची नोंद झाली. फुलांचा हंगाम केव्हाच सरला होता, गर्दी नव्हती. इथे सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, त्या का? सड्यावरच्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून त्यांनी किडे पकडायचा मार्ग काढला. अशा जागी मूत्र, खरकटं किंवा साबणाचं पाणी पडलं, तर ते खतच ठरतं. मग आडदांड गवत माजतं आणि सीतेची आसवं हटतात. आणि पठाराजवळच्या कास तलावातून सातारा शहराला पिण्याचं पाणी जातं. म्हणून इथे आम्ही गाडीतला नळसुद्धा उघडला नाही आणि रात्री सातारा गाठलं.

परतीच्या वाटेवर दादाशी एकच विषय चालला होता. आपल्या पेण-रोहा मार्गावरच्या रेल्वेगाड्यांचे संडास एके काळी थेट रुळांवर उघडायचे. मग सियाचीनसारख्या थंडीत राहणाऱ्या जवानांसाठी डीआरडीओने काढलेलं जैवशौचालयाचं तंत्र रेल्वेने डब्यांना लावलं आणि रूळ सुटले. लडाखच्या घरांत माती टाकून वापरायचे कोरडे संडास पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्याचं खत शेतात जातं. पर्यटक वाढून लेहमध्ये फ्लश वाढले, तेव्हा तिथेही २०१७ साली मैला गाळ प्रक्रिया केंद्र उभारावं लागलं. मनावर घेतलं तर होतं.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या आता वाढतील, वाढाव्यातही. माझ्या आईसारख्या कितीतरी जणींना त्यांच्यामुळे डोंगर दिसेल. पण प्रत्येक घाटमाथ्यावर पेटी रिकामी करायची एक तरी अधिकृत जागा हवी, तिथला गाळ प्रक्रियेला जायला हवा, आणि त्यासाठी गाडीवाल्यांकडून रास्त शुल्क घ्यावं. आम्ही ते आनंदाने देऊ. नगरपालिका आणि पर्यटन विभागाने हे एवढं करावं. आणि वाचकहो, तोवर आपण निघण्याआधी एक फोन करायचा. पेटी कुठे रिकामी होईल, याचं पक्कं उत्तर मिळालं नाही, तर त्या गावाचा मुक्काम रद्द करायचा.

(पुढील भागात : डोंगरातलं पिण्याचं पाणी)