तिच्या भरवशावर

भरवसा नावाच्या गोष्टीला वास असतो, असं मी म्हटलं तर तुम्ही माझ्याकडे जरा चमकून पाहाल, पण मला ठाऊक आहे, तो खोबरेल तेलाच्या वातीचा, भिजून फुगलेल्या काळ्या मनुकांचा आणि शुक्रवारी दुपारीच सारवून-पुसून लख्ख केलेल्या ओट्याचा असतो. आमच्या येवल्यातल्या गल्लीत हा वास एकाच घरातून येई. मागांची खटखट दिवसभर चाले, रंगवलेल्या रेशमाच्या लडी दोरीवर ठिबकत असत, कुणाच्या घरी लसणाची फोडणी पडे, कुणाच्या घरी उदबत्ती, आणि या सगळ्यातून वाट काढत पलीकडच्या मावशींच्या घरचा तो वास संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबे, आणि आईच्या तोंडून निघून जाई, ‘आला गं शुक्रवार.’

मावशी अलिबागकडच्या. काका रेल्वेत, दौंड-मनमाड लाइनीवर, म्हणून त्या आमच्या कोरड्या मुलखात आलेल्या. गावात त्यांना ‘इस्राएल’ म्हणत आणि त्यापुढे कुणी फार चौकशी करत नसे. त्यांची भाषा मात्र आमच्याहून ओलसर. मला त्या ‘बाय’ म्हणत, आणि तो शब्द ऐकला की मी न पाहिलेला समुद्र मला जवळ आल्यासारखा वाटे. त्यांनीच सांगितलं होतं, फार फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं, सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले, पोथ्यापुस्तकं सगळी पाण्यात गेली. जिभेवर राहिलं ते एकच, देव एक आहे असं सांगणारा ‘शेमा’. सकाळी तोच, रात्री तोच, आणि प्राण जातानाही तोच. ती माणसं कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागली, नावापुढे नवगावकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी गावं लावू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, ही कहाणी सांगताना मावशींच्या आवाजात बुडालेल्यांचं दुःख असे, पण भीती कधी नसे. मला तेव्हा नवल वाटे ते त्या घाण्याचं. पोट हातावर असलेल्या माणसांनी सातातला एक दिवस बैल सोडून द्यायचा, आणि सहा दिवसांचं तेल सात दिवस पुरेल असं धरून चालायचं, याला केवढी छाती लागत असेल!

शुक्रवारी दिवस कलायला लागला की मावशी न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन, काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल घालून वात लावीत. दोन्ही हात ज्योतीवरून आपल्याकडे ओढून घेत नि डोळ्यांवर ठेवीत. त्या हातांना कांद्याचा वास असे, बोटांवर सुईची टोचणी असे, आणि डोळे झाकलेल्या त्या घटकेत त्यांचे ओठ जे हलत ते मी दारच्या चौकटीला टेकून बघत राही. काकांना बऱ्याचदा शनिवारी ड्युटी लागे, ते दुखणं दोघांनाही होतं. म्हणून दोघांच्या वाट्याचा दिवा त्याच लावीत. मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत द्राक्षारसाच्या जागी, पावाच्या जागी फडक्याखाली झाकलेल्या दोन पोळ्या. त्या सरबताचा घोटभर मलाही मिळे, आणि नाशिकची द्राक्षं मी पुढे जन्मभर खाल्ली तरी द्राक्षाची चव म्हणून जिभेला आठवतो तो तोच किंचित आंबूस, गडद घोट.

मग शनिवार. चूल नाही, सुई नाही, पैसा हातात धरायचा नाही. गल्लीतले सगळे माग चालू आणि तेवढं एक घर गप्प. आम्ही पोरं संध्याकाळी त्यांच्या अंगणात आभाळाकडे माना वर करून उभी राहत असू, कारण तीन चांदण्या दिसल्या की शनिवार संपणार आणि पहिली, दुसरी, तिसरी चांदणी मोजून दाखवायचा मान आमचा. त्या वेळी मावशी मान्नाची गोष्ट सांगत. मिसरातून सुटून वाळवंटात आलेल्या लोकांना देव रोज सकाळी आभाळातून अन्न देई. पण त्या दिवसापुरतंच. उद्यासाठी म्हणून कुणी चोरून ठेवलं तर त्यात किडे पडत. फक्त शुक्रवारी दुप्पट मिळे आणि ते मात्र शनिवारीही ताजं राही. ‘चाळीस वर्षं देवाने त्यांना एवढंच शिकवलं बाय,’ मावशी म्हणत, ‘की उद्याची भाकरी उद्याच्याकडे आहे.’

आणि तरी, तुम्हाला सांगते, १९७२च्या दुष्काळात रेशनच्या रांगेत सगळ्यांत आधी त्याच उभ्या असत. विहिरींचे तळ दिसत होते, मिलोची लालसर भाकरी घशाखाली उतरत नव्हती, कामावर सुकडी वाटत होते, पैठणीला गिऱ्हाईक नव्हतं आणि वडील मागावर नुसतेच बसून राहत. आजी आमची वारकरी घरातली, ती विठ्ठलावर हवाला टाकून मोकळी. एकदा वडील वैतागून म्हणाले, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.’ मावशी दारात डाळीची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘खाटल्यावर नाही देत भाऊ. तुम्ही धोटा टाका, मग काय द्यायचं ते तो बघेल.’ पुष्कळ वर्षांनी मला कळलं की हेच अकराव्या शतकात स्पेनमधल्या बाह्या इब्न पकुदा नावाच्या धर्मज्ञाने अरबीत सविस्तर मांडून ठेवलं आहे. मनाच्या कर्तव्यांवरच्या त्याच्या ग्रंथाला दहा दारं, त्यातलं चौथं दार भरवशाचं. माणसाने आपला उदीम करावा, हात हलवावेत, पण आपल्याला पोसतं ते आपलं दुकान असं मानू नये; आणि ज्याच्यावर भरवसा टाकला त्याच्या पायाशी मन निवांत ठेवावं. मावशींनी ते दार कधी वाचलं नसेल. त्या वाटीभर डाळ घेऊन त्यातून रोज ये-जा करत होत्या.

गोष्टी त्यांच्याकडे खूप, पण एक मला सोडत नाही. रब्बी अकिवा प्रवासाला निघाले, बरोबर गाढव, कोंबडा आणि दिवा. एका गावात त्यांना कुणी रात्रीपुरता आसरा दिला नाही, तेव्हा देव करतो ते बऱ्यासाठीच, असं म्हणून ते रानात जाऊन पडले. वाऱ्याने दिवा विझला, मांजराने कोंबडा खाल्ला, सिंहाने गाढव खाल्लं, आणि दर वेळी ते तेच म्हणाले. त्याच रात्री फौजेने येऊन ते गाव धरून नेलं. दिवा जळता, कोंबडा आरवता तर रब्बीही सापडले असते. गोष्ट संपली तशी मी विचारलं, ‘मावशी, पण त्या गावातल्या लोकांचं काय? त्यांच्याही बऱ्यासाठीच?’ त्यांच्या मांडीवर सुपात तांदूळ होते. खडे वेचायची बोटं थांबली. बराच वेळ त्या सुपाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तेवढं गोष्टीत नाही सांगितलेलं, बाय.’ मग पुन्हा खडे वेचू लागल्या. त्या न दिलेल्या उत्तरासाठी मला त्या सर्वांत जास्त आवडतात.

सकाळी डोळे उघडल्याबरोबर, जागेवरच, त्या हिब्रूत दोन ओळी पुटपुटत. रात्री झोपताना जीव देवाकडे ठेव म्हणून द्यायचा आणि सकाळी त्याने तो परत केला म्हणून त्याचे आभार मानायचे. आणि त्या आभारात देवाच्या विश्वासूपणाची तारीफ करायची. ठेव ठेवून घेणारा सज्जन आहे, बुडवत नाही, याची रोज सकाळी नव्याने पोच द्यायची. मग त्या गच्चीवर येत. उत्तरेला, हवा स्वच्छ असली की, अंकाई-टंकाईचे डोंगर निळे दिसत, आणि डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असं विचारणारं स्तोत्र त्या तिथेच म्हणत. बेने इस्राएलांतल्याच राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थना मराठीत आणल्या तेव्हा त्यांना काय कल्पना, की त्या मराठीला पुढे अंकाईचा डोंगर लाभेल! माझ्यापुरतं तरी त्या स्तोत्रातले डोंगर यरुशलेमचे नाहीतच.

सणांची त्यांची नावंही कशी आपल्या चुलीजवळची. खिरीचा सण, बिरड्याचा सण. नव्या वर्षाला चिकाचा हलवा. गहू भिजवून, वाटून, चीक काढायचा, तो आंबूस वास आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडयांच्या वेळी सुटे आणि त्यांच्याकडे पावसाळा सरता सरता. अलिबागहून कुणी ना कुणी गाडीने नारळ आणून देई, त्याचं घट्ट दूध चिकात पडे, आणि मग घंटाभर, दोन घंटे, हात न थांबवता घोटायचं. नव्या वर्षाच्या दहाव्या दिवशी दारफाळणी. मावशी पांढऱ्या लुगड्यात, दारं लावलेली, पोटात पाण्याचा थेंब नाही, वर्षभराच्या चुकांची माफी मागत बसलेल्या. आणि आई आम्हाला बजावी, आज त्या दारावर थाप मारायची नाही. ज्या गावात १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, त्या गावाला धर्म माणसाचं काय करतो आणि काय करायला हवं, हा प्रश्न नवा नव्हता. आम्हा पोरांना त्याचं उत्तर त्या लावलेल्या दारापलीकडे कुठेतरी आहे असं वाटे.

काका गेले ते एका दुपारी, कामावरच, छातीत कळ येऊन. निरोप घेऊन आलेला माणूस दाराच्या मेझुझाखाली उभा होता. चौकटीच्या उजव्या अंगाला तिरकी ठोकलेली, येता-जाता बोटं लावून लावून गुळगुळीत झालेली ती डबी मला आत्ताही दिसते, कारण मी मावशींच्या तोंडाकडे बघायची हिंमत न होऊन तिच्याचकडे बघत होते. मावशी उठून उभ्या राहिल्या. हिब्रूत काही बोलल्या, देवाला खरा न्यायाधीश म्हणणारं. चांगल्या बातमीला जसा देवाचा धन्यवाद तसाच वाईट बातमीलाही करायचा, असं त्यांच्या धर्मात आहे. आवाज फुटला होता, पण वाक्य पुरं झालं. मग पुढे छातीवरचं लुगडं त्यांनी धरून फाडलं. टर्रकन. आमच्या गल्लीत कापड विणण्याचे सगळे आवाज होते. फाडण्याचा तो एकच. गेल्या शतकात होऊन गेलेले एक थोर रब्बी, १९५३ साली वारलेले हाझोन इश, असं लिहून गेले आहेत की सगळं आपल्या मनासारखं गोड होईल असं मानणं म्हणजे भरवसा नव्हे. जे घडतं ते आंधळेपणाने घडत नाही, त्याच्या हातून घडतं, एवढं मानणं म्हणजे भरवसा. मी हे वाचलं तेव्हा ते फाटणं आणि ते पुरं झालेलं वाक्य मला एकदम ऐकू आलं. दोन्ही एकाच बाईचं होतं, एकाच श्वासातलं.

त्यांचा मुलगा आधीच इस्राएलला, दिमोनाला गेला होता. त्याने बोलावलं. जाण्याआधी त्यांनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच तऱ्हेची फळं, गुलाब आणि सब्जाचा तुरा. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने. तोच एलियाहू, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर आहे म्हणतात आणि ज्याचा तिथे उरूस भरे. प्रवासाला निघताना त्याला साद घालायची, नवस फिटला की त्याला साद घालायची. फळांवरचे आशीर्वाद म्हणून झाल्यावर आम्हाला एकेक फोड हातावर मिळाली. हाताला खोबऱ्याचा आणि सब्जाचा जो वास लागला, तो मी रात्री हात न धुता झोपून जपला.

मग निळी पातळ पत्रं. वाळवंट आपल्या येवल्यासारखंच आहे, बाय. इथे आपली मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक निघतं इथे, अंक पाठवते. संक्रांतीच्या दिवसांत हटकून विचारणा, हलकडी वाजते का अजून, पतंगाची आसारी घेऊन पोरं गच्चीवर चढतात का. अक्षर मोठं मोठं होत गेलं, ओळी वर चढायला लागल्या, आणि एक दिवस मुलाचा फोन आला. ते हिब्रू वाक्य मला येत नव्हतं, मराठीतही तोंडातून निघालं नाही.

मुलाने कद्दिश म्हटला, असं त्याने सांगितलं. मेलेल्या माणसासाठी म्हणायच्या त्या प्रार्थनेत मरणाचा शब्दही नाही, आहे ती सगळी देवाच्या नावाची थोरवी. पण ती म्हणायला दहा पुरुष जमावे लागतात. येवल्यात मावशींना इतक्या वर्षांत असे दहा कधी मिळाले नाहीत. आमच्या गावी त्यांची प्रार्थना एकट्यानेच चाले, आणि कदाचित म्हणूनच आम्ही सारे नकळत तिच्या आसऱ्याला जाऊन बसलो होतो. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचा मुलगा परीक्षेला निघाला, कुणाच्या मागावर काम नाही, की बाया आपापल्या देवाला हात जोडत आणि वर मावशींच्या दारात येऊन उभ्या राहत. त्या काही करत नसत. ‘बघतो तो,’ म्हणत आणि चहा टाकत. आज त्या बायांतल्या बहुतेक गेल्या, आणि ज्या आहेत त्या भेटल्या की अजून म्हणतात, त्या घरात दिवा लागला की बरं वाटायचं गं.

मी देवावर तसा भरवसा टाकू शकले नाही. सकाळी जाग येते तेव्हा ठेव परत मिळाल्याचा आनंद मला होत नाही. ती कोणी ठेवून घेतली होती का, हेच मला ठरवता येत नाही. पण मावशींनी भरवसा ठेवला होता, डोळे उघडे ठेवून, फाटल्या लुगड्यानिशी, उत्तर नसलेल्या प्रश्नासकट ठेवला होता, याची मला खात्री आहे. त्या नाहीत. ती खात्री आहे, आणि माझे दिवस तिच्यावर निघतात.