हातोहात पोचणारे अ‍ॅप

‘जीमेल लॉक’ हा शब्द नंदुरबारच्या कुठल्याही मोबाइल दुकानात दिवसातून अनेकदा कानावर पडतो. धडगाव-मोलगीकडची पोरे ऊसतोडीहून किंवा गुजरातेतल्या कामावरून परततात, फोन हळू चालतो म्हणून कोणीतरी तो ‘रीसेट मारून’ देतो, आणि पुन्हा सुरू झालेला फोन अडून बसतो: आधीचे गुगल खाते सांगा. खाते असते, पण मालकाला ते माहीतच नसते. फोन घेतला त्या दिवशी दुकानदाराने परस्पर उघडून दिलेले असते. पासवर्ड लिहिलेले खोके केव्हाच फेकले गेलेले असते. “सर, फोन माझा, बिल माझ्याकडे. मग हा जीमेल कुणाचा मागतोय?” असे एका तरुणाने मला विचारले होते. मी मोबाइलचे सॉफ्टवेअर शिकवतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्याला किती स्वातंत्र्य देते हे सांगताना याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

हे कुलूप 2015 साली अँड्रॉइड 5.1 सोबत आले. चोरलेला फोन चोराला वापरता येऊ नये हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण फोनचा मालक कोण हे बिल किंवा ताबा ठरवत नाही, खाते ठरवते. ज्याला आपले खाते आहे हेच ठाऊक नाही, त्याचा फोन रीसेट होताच परका होतो.

‘अँड्रॉइड खुले, आयफोन बंद’ असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचे कर्नल आहे, त्याला जीपीएल परवाना. त्यावरचा मोठा भाग अपाचे परवान्याखाली खुला आहे. कोणीही तो कोड घ्यावा, वाचावा, बदलावा. इथवर सगळे स्वच्छ. पण आपल्या खिशातला फोन एवढ्यावर चालत नाही. प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस हा गुगलचा भाग बंद आहे. तो हवा असेल तर फोन बनवणाऱ्या कंपनीला गुगलशी करार करावा लागतो. त्याच्यावर कंपनीचा स्वतःचा थर, त्यात तिची दुकाने, खेळ आणि जाहिराती. परवान्यातले स्वातंत्र्य मुख्यतः फोन बनवणाऱ्याच्या वाट्याला आले. विकत घेणाऱ्यापर्यंत त्याचा थोडाच अंश उतरला, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे पाहायला पुस्तक लागत नाही. स्वस्तातला फोन घ्या, सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा आणि कधीही न वापरलेले एखादे अ‍ॅप निवडा. बऱ्याचदा तिथे ‘अनइन्स्टॉल’ नसते, ‘डिसेबल’ असते. काही वेळा तेही राखाडी, दाबले तरी न दबणारे. वर्गात मग आम्ही ‘फोनबद्दल’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारतो, लपलेले डेव्हलपर पर्याय उघडतो, यूएसबी डीबगिंग चालू करून फोन लॅपटॉपला जोडतो आणि एडीबी या साधनात आदेशाची एक ओळ लिहितो. यादीतून ते अ‍ॅप निघून जाते. मात्र त्याची मूळ प्रत फोनच्या पोटात राहतेच, आणि फोन रीसेट केला की परत येते. स्वतःच्या पैशाच्या फोनमधली नको ती वस्तू काढायला लॅपटॉप आणि कमांड लागावी, हे मला मान्य नाही.

भारतीय स्पर्धा आयोगालाही ते मान्य नव्हते. ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगाने गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. आधीपासून बसवलेली गुगलची अ‍ॅप्स काढू द्यावीत आणि अ‍ॅप थेट बसवण्यावर, म्हणजे प्ले स्टोअर टाळून फाइलवरून बसवण्यावर, बंधन घालू नये, असेही आदेश दिले. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमके हे दोन आदेश इतर दोन आदेशांसह रद्द केले. दंडाची बातमी सगळीकडे गाजली. सामान्य माणसाच्या कामाचे जे दोन आदेश होते, ते गेल्याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली.

पर्याय नाहीत का? आहेत. अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर बेतलेले लिनिएज ओएस जुन्या फोनला नवे आयुष्य देते, पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे कुलूप, उघडावा लागतो; तो उघडला की काही बँकांची अ‍ॅप्स चालायला नकार देतात. ज्याची मजुरी खात्यात जमा होते त्याला हा सौदा मी सुचवत नाही. आयआयटी मद्रासच्या छत्राखाली तयार झालेले भारओएस जानेवारी 2023 मध्ये गाजले. नंदुरबारच्या दुकानात ते दिसत नाही. जिओफोनमधले कायओएस मात्र खेड्यापाड्यांत खरोखर पोचले. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून ते निघाले होते. त्यावरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले तेव्हा त्या फोनचे अर्धे मोल गेले.

तरीही अँड्रॉइडने एक गोष्ट दिली, आणि सातपुड्यात तिची किंमत शहरातल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. अ‍ॅप ही एक फाइल आहे आणि ती एका फोनवरून दुसऱ्या फोनवर नेता येते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांत नेटवर्क एका टेकडीवर असते, दुसऱ्या टेकडीवर नसते. तिथे शंभर एमबीचे अ‍ॅप डाउनलोड करत बसण्यापेक्षा आठवडे बाजारात भेटलेल्या मित्राकडून घेणे सोपे. इथल्या पावरी बोलीतली गाणीही अशीच मेमरी कार्डावरून फिरली. या देवाणघेवाणीसाठी सर्रास वापरले जाणारे शेअरइट जून 2020 मध्ये 59 चिनी अ‍ॅप्सच्या बंदीत गेले. लोक दुसऱ्या साधनांकडे वळले, सवय टिकली. यात धोका आहेच. लग्नपत्रिका किंवा बँकेची नोटीस म्हणून येणाऱ्या एपीके फाइलींनी लोकांची खाती रिकामी केली आहेत. अनोळखी नंबरवरून आलेली फाइल उघडू नका, हे मी प्रत्येक वर्गात सांगतो. पण ओळखीच्या माणसाकडून, समोरासमोर घेतलेली फाइल ही वेगळी गोष्ट आहे.

अँड्रॉइडने दिलेली ही मोकळीक भाषेच्या बाबतीत जास्त ठळक दिसते. 2011 च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटातली मातृभाषा नोंदवणारे एक कोटीहून अधिक लोक होते. पावरी, मावची बोलणारी मुले चॅटवर देवनागरीत लिहितात आणि कीबोर्ड त्यांचा शब्द हिंदी किंवा मराठी करून टाकतो. सप्टेंबर 2025 मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाने आदिवाणी हे भाषांतराचे अ‍ॅप आणले, त्यात भिली आहे ही आनंदाची गोष्ट. पण ती मध्य प्रदेशातली भिली. आमच्याकडे हेलीबोर्ड नावाचा खुला कीबोर्ड कामी येतो. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही आणि बाहेरून शब्दकोश स्वीकारतो. विद्यार्थी घरून शब्द आणतात: भांडी, पिके, नातीगोती, ओढ्यांची नावे. त्या यादीची शब्दकोश-फाइल बनवून आम्ही ती कीबोर्डात घालतो. मग ‘याहा’ लिहिले की फोन ‘यहाँ’ करत नाही. याहा म्हणजे आई.

आयफोनवर बाहेरचा कीबोर्ड 2014 पासून चालतो, पण तो अ‍ॅप स्टोअरमधूनच यायला हवा. स्वतः लिहिलेले अ‍ॅप लोकांपर्यंत न्यायचे तर वर्षाला 99 डॉलर. फुकटच्या खात्यावरून स्वतःच्याच फोनवर बसवले तर सात दिवसांत त्याची मुदत संपते. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्यामुळे मार्च 2024 पासून दुसऱ्या अ‍ॅप दुकानांना वाट मिळाली. ती वाट भारतातल्या आयफोनवर नाही. आयफोनचे श्रेय मी नाकारत नाही. वर्षानुवर्षे मिळणारे अपडेट आणि अ‍ॅप्सच्या हेरगिरीला घातलेला लगाम यांत तो आमच्याकडच्या स्वस्त अँड्रॉइडच्या खूप पुढे आहे. पण तो जपणूक करतो ती मालकाच्या हातात फारसे काही न देता.

आपल्या फोनवर आपले किती चालावे, हे ठरवण्यात सरकारचाही हात आहे. आधार क्रमांकाचे वाटप 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत सुरू झाले, आणि तेव्हापासून सरकारी कामे हळूहळू फोनमध्ये शिरत गेली. रोजगार हमीची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून अ‍ॅपवर सक्तीची झाली. त्याआधी, 2021 मध्ये, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. दोन जीबी रॅमचा फोन अंगणवाडीच्या नोंदींचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप पेलत नव्हता आणि ते अ‍ॅप इंग्रजीत होते. वापरकर्त्याच्या स्वातंत्र्यासाठी महाराष्ट्रात याहून मोठे आंदोलन झालेले मला ठाऊक नाही, मग त्या ताईंनी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वापरला असो वा नसो. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनात संचार साथी हे सरकारी अ‍ॅप आधीच बसवण्याचा आदेश काढला आणि विरोध होताच 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली. बोलले की फरक पडतो.

आता बोलायची वेळ गुगलबाबत आहे. कंपनीने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपच्या निर्मात्याला आपली ओळख गुगलकडे नोंदवावी लागेल, अ‍ॅप प्ले स्टोअरवरचे नसले तरी. सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, 2027 पासून इतर देशांत. कारण दिले आहे फसवणुकीचे, आणि फसवणूक खरी आहे. टीका झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असेही कंपनीने नोव्हेंबरमध्ये सांगितले. पण हा नियम आपला प्रकल्पच संपवेल, असे एफ-ड्रॉइडने जाहीरपणे म्हटले आहे. खुली अ‍ॅप्स देणारे हे ठिकाण 2010 पासून चालू आहे, आणि हेलीबोर्ड आम्ही तिथूनच घेतो. ‘जाणकारांची वाट’ किती पायऱ्यांची असेल आणि मोलगीच्या मुलीला ती मराठीत वाचता येईल का, यावर माझे सारे लक्ष आहे. आमची पावरी शब्दांची फाइल कुठल्याही फोनवर कॉपी होईल, तिला कोणी अडवणार नाही. ती ज्या कीबोर्डात उघडते तो फोनवर बसू द्यायचा की नाही, हे मात्र 2027 नंतर दुसरे कोणी ठरवू शकेल.