एका ओळीत अख्खं वाचनालय!

सध्या मी भेटेल त्याला आरक्लोनबद्दल सांगत सुटले आहे. भाजीवाला तेवढा वाचलाय, तोही फार दिवस वाचेलसं वाटत नाही. अहो, पण गोष्टच तशी आहे! एक फुकट प्रोग्राम, वापरायला ना खिडकी लागते ना बटणं. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, आणि गूगल ड्राइव्हवरचा आपला सगळा पसारा तिकडून उठून वनड्राइव्हवर जाऊन बसायला लागतो. फोल्डरातल्या फोल्डरांसकट, आणि फाइल शेवटची कधी बदलली त्या तारखांसकट! १९९८ सालचं पत्र २००९ मध्ये टाइप करून ठेवलं असेल तर नव्या जागीही त्यावर २००९ च दिसतं, परवाची तारीख नाही. ड्रॉपबॉक्स, अॅमेझॉन एस३, नेक्स्टक्लाउड धरून अशा सत्तरहून जास्त ठिकाणांशी त्याला बोलता येतं.

मला याची गरज पडली ती आमच्या वाचनालयामुळे. तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय, मी त्याच्या कार्यकारिणीवर. जुने वार्षिक अहवाल, काही हस्तलिखितं, व्याख्यानमालेच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली भाषणं, असं सगळं मिळून ४०० जीबीच्या आसपास गूगल ड्राइव्हवर साठलं होतं. तिथे फुकट जागा मिळते १५ जीबी, बाकीचे पैसे आम्ही वर्षाला भरत होतो. इकडे पत्रव्यवहारासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेलं, आणि त्यात १ टीबी वनड्राइव्ह आपसूक आलेलं, रिकामं. ‘एकाच कामाचे दोनदा पैसे का?’ असं खजिनदारांनी सभेत विचारलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

ब्राउझरमधून मोठा फोल्डर उतरवायला घेतला की त्याच्या झिप फायली होतात, त्याही तुकड्यातुकड्यांत. त्या उतरवा, उलगडा, पुन्हा चढवा. शिवाय माझ्या लॅपटॉपची सगळी जागाच २५६ जीबी. त्यात ४०० जीबी मावणार कसे? मी याद्या करत बसले होते, तेव्हा भाची म्हणाली, “मावशी, उतरवून कशाला घेतेस? तिकडून तिकडेच पाठव की!”

तिकडून तिकडे! हे मला सुचलंच नव्हतं.

जोडणी करायला लागतात दहा मिनिटं. आरक्लोन कॉन्फिग अशी आज्ञा दिली की तो एकेक प्रश्न विचारतो. नवी जागा जोडायची? तिला नाव काय द्यायचं? (मी रोमन लिपीत ‘जुना’ आणि ‘नवा’ दिलं.) मग सगळ्या सेवांची लांबलचक क्रमांकवार यादी येते, त्यातला आपला क्रमांक टाकायचा. पुढे येतो तो मला सगळ्यात आवडलेला प्रश्न: परवानगी किती द्यायची? पूर्ण, की फक्त वाचण्यापुरती? मी ‘जुना’ला फक्त वाचण्याची परवानगी दिली. म्हणजे पुढे काहीही वेडंवाकडं टाइप झालं तरी मूळ फायलींना हात लावण्याचा अधिकारच त्याच्याकडे नाही. त्यानंतर ब्राउझर उघडतो, आपण गूगलच्या पानावर नेहमीसारखं लॉगिन करतो, आणि गूगल आरक्लोनच्या हाती एक टोकन ठेवतं. आपला पासवर्ड आरक्लोनला कधी कळतच नाही. टोकन मात्र संगणकावरच्या एका साध्या फाइलीत राहतं. ती फाइल म्हणजे किल्लीच, तिला वेगळा पासवर्ड लावता येतो आणि तो लावावाच.

आता तिकडून तिकडे म्हणजे अगदी सरळ नव्हे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जागा असल्या की माल आपल्याच संगणकावरून जातो, एका बाजूने उतरत आणि दुसऱ्या बाजूने चढत. पण तो डिस्कवर साठून राहत नाही, नुसता वाहत जातो. म्हणून माझ्या २५६ जीबीच्या लॅपटॉपमधून ४०० जीबी गेले आणि त्याची जागा होती तितकीच राहिली! इंटरनेट मात्र दुप्पट लागतं, ४०० येताना आणि ४०० जाताना. चढवण्याचा वेग ५० एमबीपीएस धरला तर कागदावर साधारण १८ तास होतात. प्रत्यक्षात जास्त लागतात, कारण स्कॅन केलेली पानं म्हणजे हजारो चिमुकल्या फायली, आणि दर फाइलीमागे विचारणा, होकार, पाठवणी, नोंद हे सगळं आलंच. दोन तासांचं एक भाषण झरकन जातं आणि ऐंशी पानांचा अहवाल रेंगाळतो.

आणि ड्राय-रन! आज्ञेच्या शेवटी दोन डॅश देऊन हा शब्द जोडला की आरक्लोन प्रत्यक्षात काहीच करत नाही, मी काय काय करणार आहे ते फक्त सांगतो. ही फाइल नेईन, तीही नेईन, ओळीमागून ओळी. किती सुसंस्कृत यंत्र! ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ यांतला फरक मला इथेच नीट कळला. कॉपी फक्त नेऊन ठेवतो. सिंक नव्या जागेला जुन्या जागेची हुबेहूब प्रत करतो, म्हणजे नव्या जागेत जास्तीचं काही सापडलं तर ते पुसतो. रिकाम्या जागेत दोन्हींचा परिणाम एकच, पण आमच्या वनड्राइव्हवर आधीची पत्रं होती. मी कॉपीला धरून राहिले, आणि नवशिक्या कोणालाही तेच सांगेन.

मग खरी आज्ञा. पडद्यावर आकडे पळायला लागले: किती गेले, किती टक्के, वेग किती, अजून किती वेळ, चुका किती. एका वेळी चार फायली जातात, त्यांची नावं खाली एकाखाली एक लिहिलेली. मी चहा ठेवला आणि तो पडद्यासमोर बसूनच प्यायले. समोरची सेवा कधी ‘हळू घ्या’ असं कळवते, तेव्हा आरक्लोन भांडत नाही. थोडं थांबतो, पुन्हा विचारतो, तरी नाही म्हटलं तर आणखी थोडा जास्त वेळ थांबतो.

दुपारी वीज गेली. राउटर बंद, सगळं ठप्प. आली तेव्हा मी तीच ओळ, अक्षरही न बदलता, पुन्हा दिली. लग्नघरातल्या कामसू आत्याला दहा वेळा हाक मारली तरी ती झालेलं काम पुन्हा करत नाही, उरलेलं तेवढं उरकते, तसं यानं केलं. गेलेल्या फायलींचा आकार आणि तारीख पाहून त्या सोडून दिल्या आणि राहिलेल्या नेल्या. कुठवर आलो होतो हे मला लक्षात ठेवावं लागलं नाही! इतके दिवस फायली हलवायच्या म्हणजे वहीत टिकमार्क करत बसायचं, एवढंच मला माहीत होतं. माझ्या आनंदाचं खरं कारण विचाराल तर ते हेच. वेगाचं मला एवढं कौतुक नाही.

पण सगळ्यात रंगले मी नावांमध्ये.

गूगल ड्राइव्हवर एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली सुखाने नांदतात, कारण ड्राइव्ह फाइल ओळखतो ती तिच्या आतल्या क्रमांकावरून. वनड्राइव्हवर नाव हीच ओळख. अशा जोड्या आधी सोडवाव्या लागतात, त्यासाठी आरक्लोनकडे डीड्यूप नावाची वेगळी आज्ञा आहे. त्यापुरती लिहिण्याची परवानगी दिली, काम झालं की काढून घेतली. दुसरी गंमत विरामचिन्हांची. वनड्राइव्हला नावात विसर्गासारखं दिसणारं कोलन चालत नाही, प्रश्नचिन्ह चालत नाही, तिरपी रेघ चालत नाही. आणि मराठी व्याख्यात्यांना तर शीर्षकात प्रश्न विचारल्याशिवाय चैन पडत नाही! ‘आपण का वाचतो?’ याचं काय होणार? आरक्लोनने त्या प्रश्नचिन्हाच्या जागी युनिकोडमधलं दुसरं, जरा रुंद, तसंच दिसणारं प्रश्नचिन्ह बसवलं. परत वाचताना तो ते मूळ चिन्हात बदलून घेतो. वाचणाऱ्याला फरक कळतही नाही.

आणि मग आलं आपलं ऱ. वऱ्हाड, कऱ्हाड, गुऱ्हाळ. युनिकोडमध्ये हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध एकच खूण, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण मॅक संगणकांवरची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावं फोडून साठवायची, आणि आमची काही स्कॅनिंगं एका सभासदाच्या जुन्या मॅकवर झालेली. म्हणजे ‘वऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर, डोळ्यांना एक आणि यंत्राला दोन! आरक्लोन नावांची तुलना करताना आधी ती एका साच्यात आणतो, म्हणून त्याला हे दोन्ही एकच वाटतात. काही कळफलक हेच अक्षर तिसऱ्या तऱ्हेने देतात, र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. ते रूप मात्र युनिकोडच्याच नियमांनी वेगळं, तिथे आपणच डोळ्यांत तेल घालून बघायचं. लंडनमध्ये बसलेल्या माणसाच्या प्रोग्रामला कऱ्हाडचा ऱ कळतो, या विचाराने मला जो आनंद झाला तो कार्यकारिणीत कोणालाच झाला नाही.

(लंडन मी आपलं तोंडाला आलं म्हणून म्हटलं. माणूस इंग्रज आहे, निक क्रेग-वूड. घरात चालू ठेवलेल्या सर्व्हरांचा आवाज आणि विजेचं बिल याला कंटाळून तो क्लाउडकडे वळला आणि २०१२ मध्ये त्याने स्विफ्टसिंक नावाने हे काम सुरू केलं. १.०० ही आवृत्ती आली २०१४ च्या जुलैमध्ये. नावातलं ‘आर’ आलंय आरसिंकवरून, तो अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचा १९९६ चा प्रोग्राम. आणि आरक्लोन लिहिलाय गो भाषेत, जी गूगलमध्ये जन्मली. गूगलमधून सामान बाहेर काढायला गूगलचीच भाषा!)

सगळं गेलं, पण नीट गेलं का? त्यासाठी आहे चेक. बहुतेक सेवा फाइलीच्या मजकुरावरून गणित करून एक छोटा ठसा काढून ठेवतात. मजकुरात एक बिट बदललं तरी ठसा बदलतो. अडचण अशी की गूगल ड्राइव्ह एमडी५ पद्धतीचा ठसा देतो आणि वनड्राइव्ह क्विकएक्सओआर पद्धतीचा. दोन्हींत सामाईक असं काही नाही, तेव्हा आरक्लोन ते स्पष्ट सांगतो आणि फक्त आकार ताडून बघतो. मनाचं समाधान हवं असेल तर दोन्हीकडच्या फायली उतरवून बाइटला बाइट लावून बघ, असंही त्याला सांगता येतं. ४०० जीबीसाठी ते परवडणारं नव्हतं, पण हस्तलिखितांसाठी मी ते केलं. फरक शून्य!

काही गोष्टी मागेच राहतात हेही सांगायला हवं. गूगल डॉक्स ही मुळात बाइटांची फाइल नाहीच; जाताना तिची वर्डची फाइल होते, त्यात कडेच्या टिपांचं आणि आधीच्या मसुद्यांचं सगळं येईल अशी आशा धरू नये. कोणाला काय बघता येतं त्या परवानग्याही आपोआप येत नाहीत, आणि लोकांना पाठवलेल्या जुन्या लिंका जुन्याच घराकडे बोट दाखवत राहतात. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “ताई, पत्रिकेवर छापलेल्या लिंकेचं काय मग?” त्यावर उपाय एकच, जुनं खातं लगेच बंद करायचं नाही.

आता आरक्लोन रोज चालतो, माझ्याशिवाय. वाचनालयाच्या कपाटामागे एक रास्पबेरी पाय ठेवलाय, तळहाताएवढा संगणक, त्याला एक हार्ड डिस्क. ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक ओळ घातली आहे: रोज रात्री १ वाजता वनड्राइव्हवरचं नवं तेवढं या डिस्कवर उतरव आणि काय केलंस ते लिहून ठेव. दुपारी कधी हाताने चालवायची वेळ आली तर वेगाचं वेळापत्रकही बांधून देता येतं, सकाळी आठपासून मंद आणि रात्री अकरानंतर मोकळा, म्हणजे वाचनकक्षातल्या मुलांचं इंटरनेट अडत नाही. या रोजच्या फेरीचा आणखी एक फायदा: वनड्राइव्हची परवानगी ९० दिवस वापरली नाही तर शिळी होते, ती आता ताजी राहते. सकाळी ग्रंथपालबाई कुलूप उघडतात आणि मी घरून लॉग वाचते. हो, वर्तमानपत्राच्या आधी.

त्या लॉगमध्येच पहिल्या रात्री एक तक्रार होती: नाव फार लांब. रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीतली प्रत्येक खूण खाते तीन बाइट. काना, मात्रा, हलन्त, सगळे तीन-तीन! ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण त्यात खुणा अकरा, म्हणजे ३३ बाइट. तेच नाव रोमनमध्ये लिहिलं तर १२. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम ८५ खुणा येतात, आणि आमच्या एका फाइलीच्या नावात व्याख्यानमाला, वर्ष, पुष्प कितवं, वक्ते, त्यांची पदवी, विषय आणि अध्यक्ष एवढं सगळं होतं. अध्यक्ष काढले, फाइल बसली.

आणि भाचीने काल आरक्लोनमधलंच क्रिप्ट दाखवलंय! मजकूर तर कुलूपबंद होतोच, फायलींची नावंसुद्धा सांकेतिक होऊन वर चढतात. किल्ली आपल्याकडे, ज्याच्या जागेत ठेवलं त्याला काहीही वाचता येत नाही. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असलेली नोंदवही मला तिथेच ठेवायची आहे. फक्त सांकेतिक नावं मूळ नावापेक्षा लांब होतात, म्हणून मूळ नाव १४३ बाइटांच्या आत बसवावं लागतं. देवनागरीत ४७ खुणा. रविवारी मी आणि ग्रंथपालबाई यादी घेऊन बसणार आहोत. ‘कै.’ आणि ‘श्री.’ पहिल्या फेरीत जाणार हे ठरलंय, ‘डॉ.’ वरून वाद होईल.