हिजरी तारीख आणि वेसाव्याची भरती

माझ्या वर्गातल्या मुलांना उर्दूतला ‘चौदहवीं का चाँद’ ठाऊक असतो आणि मराठीतली पौर्णिमाही. पण चौदावी रात्र आणि पंधरावी तिथी एकाच चंद्राची कशी, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. उत्तर सोपं आहे. आपला महिना चंद्र डोळ्यांना दिसल्यावर सुरू होतो, पंचांगातला अमावस्या संपली की लगेच. म्हणून हिजरी तारखेत एक मिळवला, कधी दोन, की तिथी मिळते. 2025 मध्ये गुढीपाडवा 30 मार्चला होता आणि ईद 31 ला. 2024 मध्ये हेच अंतर दोन दिवसांचं होतं.

हे गणित मला उपयोगी पडतं ते वेसाव्याच्या मासळी बाजारात. कोळी समाजात भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. वेसावे, मढ, मनोरी, गोराईकडची डोळ जाळी पाण्याच्या ओढीवरच चालतात. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली ही लांब पिशवी, तोंड प्रवाहाकडे. ओढ जोरात असेल तर बोंबील, जवळा, मांदेली भरभरून येतात. भांगाला पाणी मंद, जाळं हलकं. मावशी टोपलीकडे बोट दाखवून म्हणते, “बाय, आज भांग हाय, म्हावरं कमी.” मनात हिजरी तारीख मोजावी तर सात किंवा आठ असते, नाहीतर बावीस-तेवीस.

मात्र हिजरी कॅलेंडर पाण्याची वेळ सांगतं, मोसम सांगत नाही. त्याचं वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान. 2015 चा रमजान 19 जूनला सुरू झाला, भर पावसात. 2025 चा मार्चमध्ये, ऐन बोंबील वाळवायच्या दिवसांत. पंचांगाने अधिक मास घालून नारळी पौर्णिमा श्रावणात धरून ठेवली, तरी तीही सरकते: 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 30 ऑगस्टला आली, 2025 मध्ये ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच. सरकारी बंदी मात्र इंग्रजी तारखांना बांधलेली, 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. म्हणजे 2023 साली कायद्याने समुद्र खुला झाला आणि नारळ पडायला अजून 29 दिवस होते. परंपरा पाळणाऱ्याने घरी बसायचं आणि शेजारच्या बंदरातल्या मोठ्या बोटीने आधी जाऊन यायचं, हा पेच कोणतंच कॅलेंडर सोडवत नाही.

आमच्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, समुद्रातली शिकार तर एहरामातही हलाल, मग ही बंदी कसली? (कोळंबीवरचा हनफी-शाफई वाद आज बाजूला ठेवते, नाहीतर लेख तिथेच संपेल.) सूरह माइदाचा हवाला बरोबर आहे. पण सूरह आराफमधले अस्हाबे सब्तही आठवावेत. समुद्रकाठच्या त्या वस्तीला शनिवारी मासेमारी मना होती, आणि मासे नेमके त्याच दिवशी पाण्यावर दिसायचे. इतर दिवशी येत नसत. मुफस्सिर सांगतात की काहींनी शुक्रवारी जाळी लावली, रविवारी काढली. शनिवारी पाण्याला हात लावला नाही, म्हणून हुकूम पाळला असं त्यांनी धरलं.

मला हा किस्सा आषाढात फार जवळचा वाटतो. पावसात कित्येक जातींची मासळी अंडी घालते, गाभोळीने भरलेली असते, आणि तेव्हाच जिभेला ती हवी असते. बंदी यांत्रिक बोटींना आहे. बिगर-यांत्रिक होडीतून खाडीत जाळं टाकणारा गरीब माणूस त्यातून वगळला आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच्या चार चिंबोऱ्यांनी दर्या रिकामा होत नाही. दर्या रिकामा होतो बारीक आसाच्या जाळ्यात अडकलेल्या पिल्लांनी. राज्याने सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि त्याच वर्षी 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. तरी तळहातापेक्षा लहान पापलेटं वाट्यावर मांडलेली दिसतात, कारण ती स्वस्त असतात आणि गिऱ्हाईक असतं. विकणारीला बोल लावणं सोपं. मी मावशीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “टीचर, तुमी घेव नका, मंग कोन आनील?”

जून-जुलैसाठी आमच्या घरी सुका बाजार मे महिन्यातच होतो. कडक बोंबील, जवळा, थोडे सोडे. पहिली सर येण्याआधी ते डब्यात बंद झाले पाहिजेत, एकदा ओल धरली की वास घरभर. डब्याच्या झाकणावर मी तारीख लिहून ठेवते, इंग्रजी आणि हिजरी दोन्ही.